फोन तुमचाच समजा!

मंडळी, मी कामाचा माणूस आहे! एकदा काम हातात घेतलं की ते तरी पुरं होतं, नाहीतर समोरचा माणूस तरी! नागापूरच्या एमआयडीसीत एका कारखान्यात मी क्वालिटीला आहे. माझ्या नजरेखालून वाकडा नट सुटत नाही, तिथं टेलिफोनची काय कथा? म्हणून सत्त्याण्णव साली, लग्नानंतर अश्विनीला पहिल्यांदा नगरला घेऊन निघालो तेव्हा सासूबाईंना छातीठोकपणे सांगून टाकलं, "मामी, तुम्ही अजिबात घोर लावून घेऊ नका. दसऱ्याच्या आत घरात फोन!"

आमच्या सासूबाई, भागिरथीबाई, आमच्याच नगर जिल्ह्यातल्या अकोले गावाच्या वरच्या अंगाला डोंगरात राहतात. भाताची खाचरं, म्हशी आणि आमचे सासरे कोंडीराम, एवढा सगळा बारदाना त्या एकट्या हाकतात. आवाज असा की ह्या टेकडीवरून हाक मारली तर त्या टेकडीवरची म्हैस मान वर करते. अश्विनी त्यांची एकुलती एक. त्यांनी माझं बोलणं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "जावाईबापू, शबूद दिलाय बरं का! दसरा झाला की म्होरल्या बाजाराला मी अकोल्यातनं फोन लावनार. पोरीचा आवाज कानावर आला तर ठीक. न्हाई आला, तर दुपारच्या यष्टीनं मी नगरला, अन् पोरीला घिऊन माघारी! फोन लागंस्तवर तुमी खुशाल खानावळीत जेवा."

खानावळ! लग्नाआधी मी कित्येक वर्षं खानावळीत काढली होती. तिथल्या आमटीत तोंड बघून मी भांग पाडायचो, याहून जास्त काय सांगू! आणि खरं सांगतो, नुसत्या जेवणाचा प्रश्न नव्हता. अश्विनी आल्यापासून कारखान्यातून घरी जायची मला घाई व्हायला लागली होती. आजवर मला कुठंच जायची घाई झाली नव्हती.

बरं, शब्द काही मी हवेत दिला नव्हता. फोनसाठी नाव मी कधीच नोंदवून ठेवलं होतं. इतकं आधी, की नोंदवलंय हेच विसरलो होतो. आणि आम्ही भाड्याचं नवं घर घेतलं त्याच आठवड्यात माझा नंबर लागला! मी अश्विनीला म्हणालो, "बघितलंस? तुझा पायगुण!" ती म्हणाली, "आधी घंटी वाजू द्या, मग पायगुण काढा." बायको हुशार मिळाली की हा एक त्रास असतो.

आता घरमालकांची ओळख करून देतो. आप्पासाहेब. साखर कारखान्यातून निवृत्त झालेले. आयुष्यभराची पुंजी घालून त्यांनी हे घर बांधलं होतं. अर्ध्या घरात ते आणि त्यांचा मुलगा तुषार (तोही नागापूरच्या एमआयडीसीतच कामाला), अर्ध्यात आम्ही आणि पुढं दोघांत मिळून एक जाळीचा व्हरांडा. आप्पासाहेबांची अट एकच होती: भिंतीला खिळा नाही! कुठल्याही भिंतीला नाही! आमचं घड्याळ कपाटात असायचं. किती वाजले हे बघायला कपाट उघडावं लागायचं. कॅलेंडर खिडकीच्या गजाला बांधलेलं होतं, वारा आला की श्रावणातून थेट पौषात जायचं.

अशा घरात गहिनीनाथ लाइनमन आला, खांद्यावर तारेचं भेंडोळं आणि हातात ड्रिल घेऊन! ड्रिल बघताच आप्पासाहेब आरामखुर्चीतून असे उठले, जणू कुणी त्यांच्याच छातीला भोक पाडायला आलंय.

"हे काय आहे?"

"फोनची तार आत न्यायचीय. भोक पाडावं लागेल," गहिनीनाथ म्हणाला.

"भोक? माझ्या भिंतीला? अहो, ही भिंत मी स्वतः पाणी मारून मारून वाढवलीय!"

मी पुढं झालो. माणसं पटवणं हा माझा हातखंडा! म्हणालो, "आप्पासाहेब, फोन काय माझ्या एकट्याचा आहे का? फोन तुमचाच समजा!"

मंडळी, हे वाक्य नीट ध्यानात घ्या. आपल्याकडं माणूस दारात आला की आपण म्हणतो, 'या, घर तुमचंच समजा.' म्हणून तो काही दुसऱ्या दिवशी सातबारा मागत नाही! पण फोनच्या बाबतीत लोक असं धरत नाहीत, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. आप्पासाहेबांचा चेहरा एकदम उजळला. "असं म्हणता? मग एक करा. भोक नको. तार व्हरांड्याच्या जाळीतून घ्या आणि फोन इथंच, माझ्या खुर्चीजवळ ठेवा. म्हणजे तुम्हालाही बरं आणि मलाही बरं. आमच्या तुषारसाठी मुली बघतोय, अकोल्याकडचं एक स्थळ आलंय. त्यांना नंबर देऊन टाकतो!"

फोन घरात यायचा तो व्हरांड्यात आला. पण आला ना? मी खूश होतो.

तेवढ्यात गहिनीनाथ म्हणाला, "साहेब, खांबावरून तार आणायची तर मधी ती गिरणी अन् तो पत्रा लागतोय. त्या लोकांना आधी विचारून घ्या. मागं एका बाईनं माझी शिडीच काढून नेली होती. मी वर अन् शिडी खाली. उतरायला मला संध्याकाळ झाली."

पत्रा झुंबरबाईंचा होता. झुंबरबाई म्हणजे आमच्या गल्लीचं नाक. त्या कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "तारंतनं करंट उतरला अन् माझी शेरडं मेली म्हंजी?"

"मावशी, फोनच्या तारेला तसला करंट नसतो!"

"मग त्यो बोलतो कसा?"

मी आपलं हुकमी वाक्य काढलं. "मावशी, फोन तुमचाच समजा!"

"माझ्या लेकींचे फोन येतील त्याच्यावर?"

"न यायला काय झालं? खुशाल नंबर द्या!"

गिरणीवाल्या राधाकृष्णालाही मी हेच सांगितलं. त्यानं काही विचारायच्या आधीच सांगितलं, हातासरशी काम उरकावं म्हणून. आणि तार आली! दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्या फोनची पहिली घंटी वाजली आणि सगळी गल्ली व्हरांड्यात गोळा झाली. नारळ फुटला. झुंबरबाईंनी फोनला इतक्या भक्तीनं हळदीकुंकू वाहिलं की पाचाचं बटण पिवळं पडलं आणि आत रुतून बसलं. मी अश्विनीकडं बघून मिशीवर ताव दिला. मिशी नव्हती तरी दिला.

तुम्हाला 'पी.पी.' आठवतं का? ज्याच्या घरी फोन नाही त्यानं शेजाऱ्याचा नंबर द्यायचा आणि पुढं पी.पी. लिहायचं, अशी तेव्हा रीतच होती. सगळ्या गल्लीनं ही रीत मनापासून पाळली. झुंबरबाईंच्या चारी लेकींकडं, त्यांच्या सासरी आणि सासरच्यांच्या शेजारी आमचा नंबर पोचला. राधाकृष्णानं तर गिरणीच्या पाटीवर तो रंगवूनच घेतला, लाल अक्षरांत!

मग जे सुरू झालं ते विचारू नका. सकाळी चहाचा कप तोंडाला लावला की ट्रिंग ट्रिंग!

"हॅलो, गिरणीत लाइट आहे का?"

"हे घर आहे हो!"

"मग जरा गिरणीत जाऊन बघून या की! बाजरी घेऊन निघायचंय."

अश्विनी पदर खोचून गिरणीत पळायची, लाइट बघून यायची, तोवर समोरचा फोन धरून उभा. तो ठेवला की झुंबरबाईंची थोरली, मनकर्णा, हिचा फोन. "वहिनी, आईला बोलवा ना, पुरणाचं विचारायचंय!" अश्विनी पुन्हा पळायची. झुंबरबाई शेरडं बांधून, हात धुऊन, डोक्यावरून पदर घेऊन, सावकाश चालत यायच्या आणि पुरण शिजून आटेपर्यंत बोलायच्या.

"अहो, आपला फोन कधी येणार?" अश्विनीनं एकदा धापा टाकत विचारलं.

"बाजाराच्या दिवशी! मामींचा! त्या दिवशी मी रजा टाकतो आणि फोनजवळ ठाण मांडून बसतो. बघच तू!"

बाजाराचा दिवस उजाडला. मी सकाळीच आंघोळ करून, गंध लावून फोनपाशी बसलो. शेजारी आप्पासाहेब होतेच. त्यांच्याही अकोल्याच्या स्थळाचा फोन त्याच दिवशी यायचा होता. आम्ही दोघं एकाच फोनकडं टक लावून बसलो होतो. पण फोन वाजेना! उचलून कानाला लावला तर आत नुसती खरखर.

बाहेर येऊन बघतो तर काय! झुंबरबाईंनी त्यांच्या पत्र्यावर आमच्या तारेवर गोधड्या वाळत घातल्या होत्या. दोन ओल्या गोधड्या! त्यांच्या भारानं तार मधोमध लोंबून पत्र्याला टेकली होती.

"मावशी, अहो ही तार फोनची आहे!"

"मग? माझाच फोन ना? माज्याच गोधड्या हायेत!"

बोलण्यात वेळ घालवण्यात अर्थ नव्हता. शिडी लावली आणि चढलो पत्र्यावर. चढताना माणूस शूर असतो, वर गेल्यावर त्याला खाली दिसायला लागतं. मी पत्र्याला पालीसारखा चिकटून एक गोधडी ओढली, दुसरी ओढली आणि तार सुटून वर गेली. त्याच क्षणी आमच्या व्हरांड्यात फोन वाजला. ट्रिंग ट्रिंग!

"अश्विनी! फोन!" मी वरूनच ओरडलो.

पण अश्विनी होती कुठं? फोन लागेना म्हणून एक गिऱ्हाईक थेट दारातच विचारायला आलं होतं, त्याच्यासाठी लाइट आहे का ते बघायला गिरणीत! मी उतरायला पाय खाली सोडला, शिडी हलली, पाय वर घेतला. आणि पत्र्यावरूनच बघितलं, आप्पासाहेबांनी फोन उचलला होता. फोनवर बोलायचं म्हणजे ओरडायचं, अशी त्यांची समजूत असल्यानं मला शब्द न् शब्द ऐकू येत होता.

"हॅलो! कोण? मुलीची आई? अकोल्याहून? अरे वा वा वा! सकाळपासून तुमच्याच फोनची वाट बघतोय!"

मला वाटलं, चला, आप्पासाहेबांचं स्थळ आलं. बरं झालं.

"हो, हो, नागापूरला एमआयडीसीत असतो तोच! ... सगळं ठीक? एकदम ठीक! आता फक्त लग्न उरकायचं! ... अहो, कुणाचं म्हणजे? त्याचंच! तुळशीचं लग्न झालं की बार उडवून टाकू!"

मी वरून आप्पासाहेबांना हात हलवून शाबासकीसुद्धा दिली.

"तुमच्या मुलीचं काय? तुमच्या मुलीचं ते तुम्ही बघा बाई! तुम्हाला नसेल जमत तर आमच्याकडं राहुरीची एक आणि श्रीगोंद्याची एक, अशा दोन मुली तयार आहेत! ... हॅलो? हॅलो?"

मी कसाबसा खाली आलो तेव्हा आप्पासाहेब फोनकडं नाराजीनं बघत बसले होते. "स्थळ गेलं वाटतं. बाई जरा तापट निघाली. शेवटी काहीतरी मुडद्याबिडद्याचं बोलली आणि आपटला फोन."

"जाऊ द्या हो आप्पासाहेब," मी त्यांची समजूत घातली, "अशा घरची मुलगी नकोच! आईच अशी, तर मुलगी कशी असेल?"

मग मी सासूबाईंच्या फोनची वाट बघत बसलो. दुपार झाली, ऊन उतरलं, गिरणीचे आले, चारी लेकींचे आले, सासूबाईंचा फोन काही येईना. अश्विनीचा चेहरा इवलासा झाला. मी तिला धीर देत होतो, "अगं, बूथवर गर्दी असेल." माझ्या डोळ्यांपुढं मात्र खानावळीची आमटी दिसायला लागली होती.

दिवेलागणीला फाटक धाडकन उघडलं. दारात सासूबाई! खांद्यावर पिशवी, डोळ्यांत इंगळ!

"कुटं हाय ती श्रीगोंद्याची?"

"आई! तू?" अश्विनी धावली.

"तू गप ऱ्हा! कापडं भर!" आणि माझ्याकडं वळून, "लाज वाटती का? हळद न्हाई उतरली अजून, अन् दुसरं लगीन?"

"मामी, कुणाचं लगीन?"

"तुमचं! ह्याच घरातल्या मानसानं सांगितलंय मला! दोन पोरी बघून ठिवल्यात म्हनं!"

आता आवाज ऐकून आप्पासाहेब बाहेर आले. "बाई, आपण कोण?"

"मुलीची आई! अकोल्याहून!"

आप्पासाहेबांचे डोळे लकाकले. ते हात जोडून पुढं झाले. "या, या, या! समक्षच आलात? छान केलंत! तुषार! ए तुषार! शर्ट घाल आणि बाहेर ये, मुलीची आई आल्यात!"

तुषार शर्टाची बटणं लावत बाहेर आला आणि वाकून सासूबाईंच्या पाया पडला. सासूबाई दोन पावलं मागं सरल्या. त्यांनी तुषारकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"ह्यो कोन?"

"हाच आमचा नवरा मुलगा!"

"मग ह्यो?" माझ्याकडं बोट दाखवून त्यांनी विचारलं.

"हा? हा भाडेकरू!"

मंडळी, मग उलगडा व्हायला चहाचं एक आधण लागलं. अश्विनी हसून हसून ओट्यापाशी खाली बसली. आप्पासाहेब म्हणत होते, "मी तर नाव विचारणारच होतो." मी म्हणत होतो, "मी पत्र्यावर होतो." सासूबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी कपाळाला हात लावला. "अगं बाई! म्हंजी मी एका सरळ पोराच्या लग्नाला मुडदा म्हनले?"

त्यात दुसऱ्या दिवशी त्या खऱ्या स्थळाकडून निरोप आला. त्यांनी दिवसभर फोन लावला होता आणि फोन सारखा एंगेज. 'एवढं बोलणारं घर म्हणजे मोठ्या लोकांचं घर, आम्हाला झेपायचं नाही,' असं त्यांनी कळवलं होतं. झालं! सासूबाईंनी पदर खोचला.

"माझ्या अभद्र तोंडानं मोडलं, तर माझ्याच तोंडानं जमवनार! पोराचं लगीन ठरल्याबिगर मी हितनं हालत न्हाई! अन् त्या फोनला हात लावील त्याची खैर न्हाई!"

त्या व्हरांड्यात गेल्या आणि आप्पासाहेबांच्या आरामखुर्चीत बसल्या. आप्पासाहेब पायरीवर जाऊन बसले. पिशवी अडकवायला जागा नव्हती म्हणून सासूबाईंनी कुठून तरी खिळा शोधला आणि वरवंट्यानं भिंतीत ठोकला. आप्पासाहेबांनी नुसते डोळे मिटून घेतले! मुलाच्या लग्नाचा प्रश्न होता.

फोन वाजला.

"कोन? गिरनी? गिरनी गिरनीत असती! लाइट बघायचा तर येऊन बघा, पाय मोडलेत का?" धाड!

फोन वाजला.

"कोन? मनकर्णा? पुरान बिघडलं? आईला इचारायचं वय ऱ्हायलंय का तुजं? डाळ वायली शिजव, अन् पानी कमी घाल!" धाड!

दोन दिवसांत सगळी गल्ली चिडीचूप झाली! राधाकृष्णानं पाटीवरच्या नंबरावर चुना फासला. झुंबरबाई गोधड्या दुसरीकडं वाळत घालू लागल्या. मला तर आनंदाचं भरतं आलं. जे मला माझ्या गोड बोलण्यानं जमलं नाही ते सासूबाईंनी धाड धाड करून दाखवलं! शब्द पाळला गेला, फोन मोकळा झाला, अश्विनी घरातच! मी कारखान्यात पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले होते.

संध्याकाळी घरी आलो तर अश्विनी बॅग भरत होती.

"हे काय गं?"

"अहो, आई इथं अडकली. तिकडं आण्णांचे जेवणाचे हाल होत असतील. त्यांना चहासुद्धा करता येत नाही. तुषारभाऊजींचं जमलं की आई परत येईल, मग मी लगेच येते!"

"आणि कधी जमणार?"

"जमेल की! तशी घाई कशाला? तुमच्या जेवणाची सोय झालीय ना, आई आहे!"

मी 'नको' म्हणेपर्यंत ती सकाळच्या एसटीनं अकोल्याला गेली सुद्धा!

आता तुषार. हा मुलगा इतका चोखंदळ असेल असं वाटलं नव्हतं. संगमनेरची उंच, राहुरीची ठेंगणी, श्रीगोंद्याची हसते फार! सासूबाई रोज फोनवर नवी मुलगी शोधायच्या, तुषार रोज नवी खोड काढायचा. दिवाळी त्यातच झाली. तुळशीचं लग्न लागलं, तुषारचं नाही.

अश्विनी मात्र दर बाजारी अकोल्याच्या बूथवरून न चुकता फोन करायची. एका बाजारी मी मुद्दाम रजा टाकून घरी थांबलो. फोन वाजला, मी झडप घातली, पण सासूबाई खुर्चीतच होत्या! त्यांनी उचलला. म्हशीचं झालं, भाताचं झालं, आण्णांच्या गुडघ्याचं झालं. मी समोर उभा राहून खुणा करत होतो, 'मला द्या, मला द्या.' त्यांनी मान डोलावली, "बरं, ठिवते," म्हणाल्या आणि ठेवला.

"मामी! मला द्यायचा ना! माझ्याबद्दल काही विचारत होती का?"

"आवं, इचारणार न्हाई व्हय? तुमचंच इचारीत हुती. येऊ का, येऊ का, लई मागं लागली हुती!"

"मग? तुम्ही काय सांगितलंत?"

सासूबाईंनी मायेनं माझ्याकडं बघितलं.

"म्हनलं, अजाबात घाई करू नको. हिकडं जावाई लई मजेत हायेत!"

आता तुम्हीच सांगा, एवढ्या प्रेमाच्या माणसाला खोटं कसं पाडायचं?